मेढीला बांधलेली झोळी

आमच्या घरात एखादी गोष्ट सरळ होईल तर शपथ. मोबाइलवर मागवलेलं खोकं दारात आलं, तेव्हा मला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. दोन झाडांना दोन दोऱ्या बांधायच्या, मधे कापड ताणायचं, झालं. पण त्याला दोन झाडं लागतात आणि आमच्या परसात कडुनिंब एकटाच उभा आहे, हे मागवताना माझ्या टाळक्यातच आलं नाही. घाई नडली, दुसरं काय.

खोक्यावर त्याचं नाव हॅमॉक असं लिहिलं होतं. माझ्या सासूबाईंनी, सुमनबाईंनी, ते निळ्या पट्ट्यांचं जाड कापड उलगडलं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या चाचपल्या आणि म्हणाल्या, "ही तर झोळी हाय. लेकराला बांधतेत तशी. एवढी मोठी कोणाला पायजे?"

पाहिजे होती माझ्या नणंदेला. शिवकन्या, माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, वय एकोणतीस. घरीच शिवणाची मशीन चालवते, अर्ध्या गावाच्या पोलक्यांची मापं तिला तोंडपाठ आहेत. पाच वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. साडी घे म्हटलं तर नको, जत्रेला चल म्हटलं तर नको. आणि त्या दिवशी मोबाइलवर कुठल्याशा बाईला झोळीत पुस्तक वाचताना पाहून म्हणाली, "वहिनी, असं एकदा निजून पाहावं वाटतं." मला इतका आनंद झाला की तिथल्या तिथे मागवून टाकली. बावीस दिवसांनी तिचं लग्न होतं. एकदा सासरी गेल्यावर दुपारी कोण निजू देतं? माहेरी आहे तोवर लाड.

आता हे लग्न तिचं पहिलं म्हणायचं की दुसरं, तिथेच सगळा घोळ होता.

पाच वर्षांपूर्वी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिचं लग्न डोंगरकडा गावच्या सोमेश्वरशी ठरलं होतं. पंचवीसच माणसांची परवानगी. पुढच्या अंगणात मांडव घातला तर ग्रामसेवक डोकी मोजायला यायचा, म्हणून आम्ही शहाणपणा केला आणि मांडव मागच्या परसात घातला. पाच सवाशिणींनी उंबराची मुहूर्तमेढ रोवली, तिला पिवळ्या फडक्यात हळकुंड-सुपारीची पुरचुंडी बांधली. डोंगरकड्याहून उष्टी हळद आली, म्हणजे नवरदेवाच्या अंगाला लावून उरलेली, ती शिवकन्येला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. नवरदेवाला ताप आहे, लग्न आठ दिवस पुढे ढकलू. बाराव्या दिवशी नांदेडच्या दवाखान्यात सोमेश्वर वारला. त्याचं तोंड ना त्याच्या आईला पाहायला मिळालं, ना आम्हाला.

मांडवाचे बांबू ज्याचे त्याने नेले. मेढ तेवढी राहिली. लग्न लागलं असतं तर काढली असती, मोडलं असतं तरी काढली असती. पण आमचं लग्न पुढे ढकललं होतं, आणि पुढे ढकललेल्या लग्नाची मेढ काढत नाहीत. मग माणूसच गेला, आणि त्या मेढीचा विषय काढायची कोणाची छाती झाली नाही. पुढच्या पावसाळ्यात तिला पानं फुटली.

शिवकन्येने अकरा स्थळं नाकारली. बारावा औंढ्याकडचा, शाळेत मास्तर असलेला मुलगा. पाहायला आला तेव्हा त्याने चहाची कपबशी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "सोमेश्वर कसे होते?" आमच्या सगळ्यांच्या माना खाली. शिवकन्या मात्र बोलायला लागली, चांगली अर्धा तास बोलली. तो गेल्यावर मला म्हणाली, "याला व्हय म्हणून कळवा, वहिनी." हे लग्न तिच्या मनातून उगवलेलं होतं. ते सुखरूप पार पडावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. बाकी कशाचीच मला पर्वा नव्हती.

तर झोळी. एक टोक निंबाला बांधून झालं. दुसरं कशाला बांधायचं? आमचे हे, विश्वंभर, असल्या कामांत फार हुशार, निदान स्वतःच्या मते. यांनी आधी न्हाणीच्या भिंतीत हुक ठोकला. झोळीत बसले आणि हुक विटेसकट निघून आला. मग हळद शिजवायच्या शेडच्या लोखंडी पाइपला बांधली, तर पाइप वाकला आणि वरचा पत्रा खणखणत खाली आला. मग ट्रॅक्टर आणून उभा केला. ट्रॅक्टरला झोळी छान राहिली, पण तासाभरात हळदीची पोती घेऊन ट्रॅक्टर वसमतच्या मोंढ्याला गेला. कुंपणापलीकडची शेजारीण, जिवनबाई, कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "निता, नवऱ्यालाच उभा कर की तिथं. तसाबी खांबच हाय." मीही हसले. त्या दिवशी आम्ही सगळेच हसत होतो.

मग माझं लक्ष मेढीकडे गेलं. निंबापासून बरोबर आठ हात. मांडीएवढी जाड झालेली, वर पानांचा झुपका.

"मेढीला भार देऊ नये," सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, लगेच म्हणाल्या.

"आत्याबाई, आता ती मेढ कुठं राहिली? तिचं झाड झालं की."

हे वाक्य माझं. ते कोणाच्या माथी मारता येत नाही. दोरीच्या आड पुरचुंडी येत होती, तीही मीच अंगठ्याने वर सरकवली आणि गाठ आवळली. अंगठा पिवळा झाला. पण हळदीच्या दिवसांत आमच्या भागात कोणाचा अंगठा पिवळा नसतो?

आधी हे बसले. नव्वद किलोचा माणूस. झोळी वाकली, पण जमिनीपासून चांगली हातभर वर राहिली. मेढ जागची हलली नाही. "बघा, सिमेंटच्या खांबावाणी हाय," असं म्हणून हे खाली उतरले आणि शिवकन्या चढली. पाय वर घेऊन ती आडवी झाली, दोनदा हलली आणि लगेच झोपली. पाच वर्षं ती रात्रीची चार-चार वेळा उठून पाणी प्यायची. तिला असं गाढ झोपलेलं पाहून मला भरून आलं. मी घरात जाऊन यांना म्हटलं, आवाज करू नका, पोरगी झोपली आहे.

दोनच्या सुमारास भांडी घासायला परसात आले, तर झोळी जमिनीला टेकायला आली होती. बोट घालायला जागा नव्हती. शिवकन्या बेचाळीस किलोची. मला वाटलं, दोरी नवीन आहे, ताणली असेल. संध्याकाळी आम्ही ती वर घेऊन पुन्हा बांधली. दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्या दिवशी यांनी दोर बदलला, ट्रॅक्टरचा जाड दोर लावला. तेव्हाही तेच.

चौथ्या दिवशी मी निंबाच्या सावलीत शेंगा फोडत बसले होते, म्हणून नीट पाहिलं. लेकराची झोळी जिने बांधली आहे तिला हे सांगायला नको, की झोळीत एकटा जीव नेहमी मधोमध येतो. कुठेही ठेवा, घसरून मधेच येणार, कापडच तसं असतं. शिवकन्या मधे नव्हती. ती एका कडेला होती, कुशीवर, कापडाच्या पार काठावर, आणि पडत नव्हती. मधली जागा मोकळी होती. मोकळी म्हणजे दिसायला मोकळी. खालून कापडाला तिथे पोट आलं होतं.

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. मग मी स्वतःवरच चिडले. निता, तू बारावी शिकलेली, तुला काय झालं? कापडाला शिवण वाकडी असेल, कडेला जाड असेल. मी शेंगा गोळा केल्या आणि घरात गेले. पण त्या दुपारी मी पुन्हा परसात पाय ठेवला नाही, हे खरं.

त्याच आठवड्यात एकदा जमिनीतून गुडगुड झाली. आमच्याकडे ती होतेच, कधी महिन्यातून एकदा, कधी दिवसातून तीनदा. जमिनीच्या पोटातून आवाज येतो, भांडी वाजतात, आम्ही दारात येऊन उभे राहतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्या दिवशी जोराची झाली. शेडचे पत्रे थरथरले, निंबाची पिकली पानं झरझर खाली आली, बांधलेली गाय ओरडली. मी शिवकन्येला उठवायला परसात धावले. सगळं परस हलत होतं आणि झोळी तेवढी जागेवर होती. इकडे नाही, तिकडे नाही. शिवकन्या तिच्या कडेला शांत झोपलेली, एक हात मधल्या जागेवर टाकून. हात कापडाला लागलेला नव्हता. कापडापासून वीतभर वर होता.

मी तिला न उठवताच मागे फिरले. यापुढे मला शिवण-बिवण काही सुचलं नाही. मला भीती वाटली, सरळ भीती.

यांना सांगितलं तर म्हणाले, "उन्हानं डोकं फिरलं तुझं." पण हे दुपारी स्वतः जाऊन पाहून आले आणि परत आल्यावर पाण्याचा तांब्या दोनदा रिकामा केला.

तोवर शिवकन्येचं जेवण तुटलं होतं. ताट पुढे ठेवलं तर भाकरीचा कोपरा मोडायची आणि उठायची. मशीनवर पोलकी तशीच पडलेली. सकाळी अंघोळ केली की परसात, ते दिवस मावळेपर्यंत. मास्तरांचा फोन आला तर, "नंतर बोलते म्हणावं." आणि ती पिवळी पडायला लागली. आधी नखं, मग तळहात, मग डोळ्यांचे कोपरे. आत्याबाईंनी तिचा हात हातात घेऊन पाहिला आणि पुसट आवाजात म्हणाल्या, "हळद चढून राहिली पोरीला."

आम्ही तिला वसमतला डॉक्टरकडे नेलं. कावीळ असणार, अशी माझी खात्री, खरं तर तशी आशाच. रक्त तपासलं, तर कावीळ नाही. डॉक्टर म्हणाले, "हळदीत काम करता ना? रंग बसला असेल. अशक्तपणा मात्र फार आहे, खायला घाला." मी म्हटलं, साहेब, ही शिवणकाम करते, हळदीला हात लावत नाही. त्यांनी पुन्हा नखं पाहिली आणि टॉनिक लिहून दिलं. बाहेर आल्यावर तिला क्षणभर थांबवेना, नुसती चुळबुळ. "घरी चला ना वहिनी. दोन वाजत आले."

लग्नाला अकरा दिवस उरले होते. वजनकाट्यावर ती छत्तीस भरली होती. असंच चाललं तर ही बोहल्यापर्यंत पोचत नाही, हे मला दिसत होतं. सांगायचं कोणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीत गेली आणि मी ठरवलं, आज ही झोळी उतरवायची. रिकामी झोळी, सकाळचे नऊ, लख्ख ऊन. मी गाठीला हात घातला. गाठ दगडासारखी घट्ट. झोळी रिकामी होती आणि दोर तटतटून ताणलेला होता, वर माणूस असताना ताणतो तसा. मी यांना हाक मारली. हे विळा घेऊन आले, दोराला लावला, आणि न्हाणीतून शिवकन्या ओल्या केसांनी, साडी कशीबशी गुंडाळून धावत बाहेर आली.

"दादा, नको! पडतील ना ते!"

यांचा हात थांबला. "कोण पडल, शिवा?"

तिने आमच्याकडे असं पाहिलं की आम्हीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आहे. "हळू बोला. आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा."

कोणाचा, हे आम्ही विचारलं नाही. यांनी विळा खाली ठेवला. हे माझ्यासमोर कधी रडले नाहीत, बाप गेला तेव्हाही नाही. त्या दिवशी निंबाला टेकून रडले.

घरात आल्यावर यांनी कुऱ्हाड काढली. मेढच तोडतो म्हणाले. आत्याबाई दारात आडव्या झाल्या. त्यांनी एवढे दिवस मला "मी म्हणलं व्हतं" असं एकदाही ऐकवलं नव्हतं, तेव्हाही नाहीच ऐकवलं. म्हणाल्या, "इश्वंभर, मेढ तोडत न्हाईत. मेढ काढतेत. आन ती काढायला दोन्हीकडची मान्सं लागतेत. रोवताना त्यांच्या घरची हळद व्हती, काढताना त्यांच्या घरचा हात पायजे. आपण तिला तशीच ठिवली, वरून तिला झोळी बांधली. पावन्याला आपणच जागा करून दिली, आता कुऱ्हाड घेऊन निंगालास?"

"मग काय करायचं, आत्याबाई?"

"त्याची माय हाय की डोंगरकड्याला."

सोमेश्वरच्या आईला, रूपाबाईंना, आम्ही पाच वर्षांत एकदा भेटलो होतो, तेराव्याला. नंतर कोणत्या तोंडाने जायचं? आणि आता जाऊन काय सांगायचं? तुमचा मेलेला मुलगा आमच्या परसात झोपतो, त्याला घेऊन जा? दोन गाड्या बदलून मी एकटी डोंगरकड्याला गेले. वाटभर वाक्यं जुळवत होते, एकही जुळलं नाही.

केळीच्या बागेला लागून दोन खोल्यांचं घर. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, लेक एकुलता एक होता. रूपाबाई ओसरीवर सूप घेऊन डाळ पाखडत होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं, पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. मी सगळं सांगितलं, खाली मान घालून, झोळी मागवल्यापासून विळ्यापर्यंत. मला वाटलं त्या मला हाकलतील, नाहीतर छाती बडवतील. सुपावरचा त्यांचा हात तेवढा थांबला.

"झोप लागती का त्याला?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"दवाखान्यात पाठ टेकू देत न्हवते म्हणं. पालथाच ठिवला व्हता समदे दिस, दम लागू नये म्हून. वार्डात काम करणाऱ्या एका पोरीनं मला फोनवर सांगितलं व्हतं. म्हणली, मावशी, तो सारखा एकच म्हणतो, मला उताणं निजू द्या." त्यांनी सूप भिंतीला उभं केलं, पदराने हात पुसले आणि उठल्या. "चल. लुगडं बदलते."

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. शिवकन्या झोळीत होती, तिच्या कडेला. इतकी वाळलेली की कापडावर टाकलेली ओढणी वाटावी. मधे कापड जमिनीला टेकलेलं. हे आणि आत्याबाई दारात थांबले. मी रूपाबाईंच्या मागे दोन पावलांवर उभी राहिले.

रूपाबाई पलीकडच्या बाजूला जमिनीवर मांडी घालून बसल्या. कापडाला जिथे पोट आलं होतं त्याखाली त्यांनी दोन्ही हात सरकवले. हात भाराने खाली दबले, मनगटावरच्या शिरा वर आल्या. त्या तशाच बसून राहिल्या, तोललेलं वजन ओळखीचं आहे का हे बघावं तशा. मग त्यांचा चेहरा हलला.

"सोमा," त्या म्हणाल्या. साधाच आवाज, शाळेला उशीर झाला म्हणून उठवावं तसा. "ऊठ बाबा. उन्हं कलली."

काही झालं नाही. निंबावर एक कावळा होता, तोही गप्प होता.

"ऊठ. दुसऱ्याच्या दारी किती निजावं? ती पोरगी उपाशी हाय. बघ तिच्याकडं. तुला आवडली व्हती ना ती? मग अशी करतेत का कोणी?"

झोळी तशीच. मला वाटलं, संपलं. ही शेवटची वाट होती.

मग रूपाबाईंचा आवाज फाटला. राग होता त्यात. आपल्या लेकरावरच निघतो तसला राग. "पाच वर्षं झाली, मी दाराला आतून कडी लावली न्हाई. तुझे बाबा मेले तवाबी न्हाई लावली. म्हणलं, रातीबिराती आला तर वाजवीत बसल. वाऱ्यानं कवाड हाललं की उठून बसते. आन तू इथं येऊन निजला? तुला माय न्हवती? मला काहून असं केलं रे?"

दोराने करकर आवाज केला. मी डोळ्यांनी पाहिलं, सांगते. कापड त्यांच्या हातांवरून वर गेलं. एकदम नाही, कोणी कोपरावर रेटा देऊन उठून बसावं तसं, थांबत थांबत. मग झोळी हलकी होऊन वर उडाली, आणि कडेची शिवकन्या घरंगळत मधोमध आली. एकट्या माणसासारखी, मधोमध.

तिने डोळे उघडले. आधी शेजारी पाहिलं, मग माझ्याकडे. "गेले?"

ती झोळीतून उतरली, उभं राहवेना म्हणून खाली बसली आणि रडायला लागली. पाच वर्षांपूर्वी ती रडली नव्हती. सगळे म्हणायचे, धीराची पोर. तो सगळा धीर त्या दुपारी बाहेर पडला. हे, आत्याबाई, कोणीच तिला गप्प करायला गेलं नाही. रूपाबाई तेवढ्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि दोघींपैकी कोण कोणाचं सांत्वन करतंय हे काही कळत नव्हतं.

ऊन उतरल्यावर मेढ काढली. रूपाबाईंनी एका बाजूने हात लावला, आत्याबाईंनी दुसऱ्या बाजूने. यांनी कुदळ आणून ठेवली होती, मांडीएवढं खोड, पाच वर्षांची मुळं, दोन तास तरी खोदावं लागेल म्हणून. कुदळ लागलीच नाही. दोघी म्हाताऱ्यांनी जरासं उचललं आणि ती आली. खाली एकही मूळ नव्हतं. रोवताना तासलेलं टोक जसंच्या तसं होतं, पांढरं, ओलं. वर मात्र हिरवी पानं. झाड झालं म्हणणारी मी ते टोक पाहत उभी राहिले.

शिवकन्येने त्या संध्याकाळी दीड भाकरी खाल्ली, ठेच्याबरोबर. रूपाबाईंनी समोर बसून खाऊ घातली. मास्तरांचा फोन आला तेव्हा तिने तोंड पुसून घेतला आणि परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बराच वेळ बोलली. तिचा आवाज ऐकून माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपाबाई निघाल्या. आम्ही लुगडं आणि शिधा दिला, हळदीची पुडी मात्र आठवणीने बाजूला ठेवली. रिक्षा दारात उभी होती. त्या उंबऱ्यात घुटमळल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, ती झोळी मला देती का?"

"न्हाई, आई," मी पटकन म्हटलं. "जाळून टाकणार हाय आमी ती. तुमी एकल्या, तुमाला काय करायची?"

त्यांनी वाद घातला नाही. नुसती मान हलवली आणि चपला घालायला लागल्या. तेवढ्यात शिवकन्या आतून आली. झोळी तिच्या हातात होती, नीट चौपदरी घडी केलेली, दोऱ्या गुंडाळून वर ठेवलेल्या. तिने ती रूपाबाईंच्या हातात दिली आणि वाकून पाया पडली. "घ्या, आई," ती म्हणाली. सासूला म्हणतात तसं. ते म्हणायची तिची पहिली वेळ होती आणि शेवटचीही.

मला राहवेना. मी रिक्षापर्यंत त्यांच्यामागे गेले. "आई, ऐका माझं. बांधू नका ही कुठं. पोरीचं काय झालं ते तुमी पाहिलं. आन बांधणार तरी कशाला?"

"मेढीला," त्या म्हणाल्या. "नवरदेवाच्या दारीबी मेढ रोवतेत ना. माझ्याकडचीबी कोणी काढली न्हाई."

"मग तीबी काढू. आज येतो आमी. आत्याबाईंना घेऊन येते."

"राहू दे."

"आई, तुमी वाळून जासाल!"

रूपाबाई रिक्षात बसल्या. पार एका कडेला, लोखंडी दांड्याला चिकटून, मांडीवर झोळी. माझ्याकडे पाहून हसल्या. पाच वर्षांत त्या हसल्या असतील असं मला वाटत नाही.

"अगं, लेक आत्ता कुठं घरी येऊन राहिला," त्या म्हणाल्या.

मी त्यांना अडवायला हवं होतं. हात धरून खाली उतरवायला हवं होतं. रिक्षावाला आमच्याच गावचा, पुढच्या फाट्यावर आणखी चार माणसं कोंबल्याशिवाय न जाणारा. मी त्याच्याजवळ गेले आणि सांगितलं, सगळ्या जागांचे पैसे मी देते, सावकाश ने, आणि मावशींच्या शेजारी कोणाला बसवू नको.